पायाखालची जमीन सरकते तेव्हा: एक्स्प्रेशनिस्ट चित्र कसं बघायचं

मे 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याने अनेकदा काढलेल्या ‘किंकाळी’ या चित्राची एक प्रत जवळजवळ 12 कोटी डॉलरला गेली. अशी बातमी आली की एक वाक्य ठरलेलं असतं: ‘हे तर आमच्या पाचवीतल्या पोरानेही काढलं असतं.’ म्हणणाऱ्याला दोष देता येत नाही. चित्रातल्या माणसाला केस नाहीत, नाकाच्या जागी दोन ठिपके, अंग भिजलेल्या वातीसारखं, आणि आभाळ असं की कुणी मिसळीची तर्री सांडून ठेवली आहे.

किंमत हा लिलावाचा मामला, तो सोडून देऊ. कोड्यात टाकणारा प्रश्न दुसराच आहे. हिरवा चेहरा, निळा घोडा, गुलाबी रस्ता, हातापेक्षा लांब बोटं, हे सगळं बघून पोटात काहीतरी हलतं ते का? चित्रकाराने नेमकं काय केलं म्हणून हलतं? ‘कलाकाराच्या भावना’ असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्यामागे कारागिरी आहे आणि ती बरीचशी समजून घेता येते.

आपण बोलतो तसं त्यांनी काढलं

वाईट बातमी कळली की आपल्या पायाखालची जमीन सरकते. चारचौघांत पाणउतारा झाला की तोंड एवढंसं होतं. पोरीला नोकरी लागली की बापाची छाती गजभर फुगते. भीतीने माणूस पांढराफटक पडतो, रागाने लालबुंद होतो. यातलं एकही वाक्य टेप लावून तपासलं तर खरं ठरणार नाही, तरी ऐकणाऱ्याला शंका येत नाही. ‘बापाची छाती दोन सेंटिमीटरने फुगली’ असं कुणी मोजून सांगितलं तर मात्र आपण त्याच्याकडे विचित्र नजरेने बघू.

एक्स्प्रेशनिस्ट चित्रकाराने हीच वाक्यं शब्दशः काढली. त्याच्या चित्रात जमीन सरकते, तोंड एवढंसं होतं. मराठीत या पंथाला अभिव्यक्तिवाद म्हणतात. वस्तू डोळ्याला दिसते तशी न काढता, ती मनावर कशी आदळली तशी काढायची, एवढं त्याचं सार. असं काढताना आकार, प्रमाण किंवा अंतर मुद्दाम बदललं जातं, त्याला विरूपण म्हणतात. या लेखापुरते हे दोन जड शब्द बास.

याच्या आधीच्या पिढीतले मोने वगैरे इंप्रेशनिस्ट लोक उन्हाच्या मागे होते. सकाळी दहाचं ऊन आणि दुपारी चारचं ऊन गवताच्या गंजीवर वेगळं कसं दिसतं, हा त्यांचा ध्यास. म्हणजे निरीक्षण बाहेरचंच. नंतरच्यांनी खिडकी आतल्या बाजूला उघडली.

इतिहास थोडक्यात: व्हॅन गॉग आणि मुंक हे या मंडळींचे पूर्वज. 7 जून 1905 ला जर्मनीत ड्रेस्डेनला वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांनी ‘ब्र्युके’, म्हणजे पूल, या नावाचा गट काढला: किर्शनर, हेकेल, श्मिट-रोटलुफ आणि ब्लाइल. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या गावात व्हॅन गॉगची चित्रं लागली आणि पोरं झपाटली. 1911 मध्ये म्युनिकला कांदिन्स्की आणि फ्रान्झ मार्क यांनी ‘निळा स्वार’ उभा केला. व्हिएन्नात शिले आणि कोकोश्का आपापल्या वाटेने तेच करत होते.

‘लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख’ असा तक्ता असतो का?

नसतो, आणि इथेच बहुतेक सोप्या पुस्तकांची गाडी घसरते. याचा पुरावा खुद्द ‘निळा स्वार’च्या घरातच आहे. डिसेंबर 1910 मध्ये मार्कने आपला मित्र ऑगस्ट माके याला पत्रात रंगांचे स्वभाव लिहून पाठवले: निळा पुरुषी, कडक, आत्मिक, पिवळा बायकी, कोमल, आनंदी, लाल म्हणजे जड, पाशवी पदार्थ, ज्याच्याशी बाकीच्या दोघांनी झुंजायचं. वर्षभरात कांदिन्स्कीचं कलेवरचं पुस्तक आलं. त्यात पिवळा कसा? अंगावर येणारा, तुतारीसारखा कर्कश, वेडाच्या झटक्याकडे झुकणारा. दोघं मित्र, दोघं एकाच गटाचे चालक, आणि पिवळ्याबद्दल दोघांची मतं अशी दोन टोकांना!

आपल्याकडे बघा. युरोपात शोकाला काळे कपडे, आपल्याकडे पांढरे. हिरवा चुडा आपल्याला लग्नघर आठवून देतो. जर्मन प्रेक्षकाला त्यातलं काही जाणवणार नाही. तेव्हा रंगाचा शब्दकोश करायला जाऊ नये. मार्कचा तक्ता मार्कच्या कामाला आला, कारण त्याने त्याच्या शिस्तीत चित्रं केली. 1911 च्या त्याच्या निळ्या घोड्यांत निळा शांत, आत वळलेला वाटतो. पण त्याचं श्रेय एकट्या निळ्याला देता येत नाही. घोड्यांच्या माना खाली वळलेल्या आहेत, पाठीच्या कमानी मागच्या डोंगरांच्या कमानींशी जुळतात, आणि मागे तांबड्या रंगाचे उतार आहेत म्हणून निळा एवढा निळा दिसतो.

शेजारी कोण आहे ते बघा

चिंच नुसती खाल्ली तर दात आंबतात, गुळाबरोबर आमटीत गेली की तीच चिंच वेगळी लागते. रंगाचंही तसंच आहे. त्याची चव शेजाऱ्यावर ठरते, आणि हे सांगायला व्हॅन गॉगच्या ‘रात्रीचा कॅफे’सारखं चित्र नाही.

सप्टेंबर 1888, दक्षिण फ्रान्समधलं आर्ल गाव. रात्रभर उघडा राहणारा एक कॅफे. व्हॅन गॉग दिवसा झोपून तीन रात्री तिथे बसला. आपला भाऊ थिओ याला त्याने लिहिलं की लाल आणि हिरव्याने माणसाच्या भयंकर वासना दाखवायचा प्रयत्न केलाय. भिंती रक्तासारख्या लाल, छत हिरवं, मधोमध हिरवं बिलियर्डचं टेबल, जमीन मळकट पिवळी, वर लिंबाच्या रंगाचे चार दिवे, प्रत्येकाभोवती नारिंगी-हिरवी प्रभा. एका तपशिलावर जरा थांबा. टेबलाजवळ मालक उभा आहे, अंगात पांढरे कपडे. व्हॅन गॉग सांगतो, या भट्टीत ते पांढरे कपडे फिकट लिंबोणी, चमकत्या हिरवट रंगाचे होतात. म्हणजे खोलीत एकही गोष्ट स्वच्छ राहिलेली नाही. पांढऱ्यालाही खोलीची बाधा झाली. कोपऱ्यात टेबलांवर डोकी टाकून पडलेली माणसं नसती तरी या कपड्यांनी काम केलं असतं.

लाल आणि हिरवाच का? ते एकमेकांचे विरोधी रंग आहेत. निळ्याचा विरोधी नारिंगी, पिवळ्याचा जांभळा. विरोधी रंग पॅलेटवर कालवले तर दोघंही मरतात आणि करडा-तपकिरी चिखल होतो. तेच शेजारी शेजारी ठेवले तर दोघंही पेटतात. एक जोडी, दोन टोकाचे परिणाम.

त्यात दोन गोष्टींचं भान लागतं. पहिली, जागा कुणाला किती. रंगांच्या जोराचे काही आकडे जर्मन कवी गटे याच्या नावावर सांगितले जातात, आणि बाउहाउस या कलाशाळेत शिकवणारा योहानेस इटेन ते वापरायचा: पिवळा 9, नारिंगी 8, लाल 6, हिरवा 6, निळा 4, जांभळा 3. तोल साधायचा तर जागा याच्या उलट प्रमाणात द्यायची. पिवळ्याच्या एका भागाला जांभळ्याचे तीन, नारिंगीच्या एकाला निळ्याचे दोन, लाल-हिरवे निम्मे-निम्मे. हे काही भौतिकशास्त्राचे नियम नव्हेत, पण ढोबळमानाने चालतात. एक्स्प्रेशनिस्टांना हा तोल मोडण्यासाठी हवा असे. पिवळ्याला तिप्पट जागा देऊन जांभळा कोपऱ्यात कोंबला की बघणाऱ्याला कारण न कळता अस्वस्थ वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे टोन, अर्थात रंग काढून टाकला तर उरणारा उजळ-गडदपणा. वस्तूची कड कुठे आहे हे डोळा मुख्यतः टोनवरून ओळखतो. लाल आणि हिरव्याचा टोन सारखा असेल तर रंग ओरडून सांगतात की इथे कड आहे, पण टोन सांगतो की काहीच नाही. या भांडणात कड थरथरल्यासारखी दिसते. चित्र हललेलं नसतं, तुमचा डोळा चाचपडत असतो. उलट बाजूने, 1905 मध्ये मातिसने आपल्या बायकोच्या चेहऱ्यावर हिरवे-पिवळे फराटे मारले तेव्हा पॅरिसमध्ये ओरड झाली, पण चेहरा चेहराच वाटतो, कारण बहुतेक टोन जागच्या जागी आहेत. रंग खोटा, छाया खरी. हे तपासायला मोबाइलवर चित्राचा फोटो घेऊन तो कृष्णधवल करा. जिथे आकार उभा राहतो तिथे टोन काम करतोय. जिथे सगळं एका राखाडी पट्ट्यात विरघळतं तिथे नुसता रंग कामाला लावलाय.

वाकडं कळायला काहीतरी सरळ लागतं

विरूपणाची गंमत अशी की सगळं वाकडं केलं तर काहीच वाकडं वाटत नाही. एसटीत बसलेल्याला आपण हलतोय हे खिडकीबाहेरच्या खांबामुळे कळतं. म्हणून अशा चित्रासमोर उभं राहिल्यावर काय बिघडलंय ते आधी बघू नका, ते दिसतंच. काय बिघडलेलं नाही ते शोधा.

‘किंकाळी’त हा शोध सोपा आहे. 1893 चं मूळ रंगीत चित्र साधारण 91 बाय 73.5 सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर आहे, टेंपेरा आणि रंगीत खडूचं काम जास्त. काही जागी उघडा पुठ्ठाच दिसतो. आभाळ नागमोडी, खाडी नागमोडी, मधला माणूस नागमोडी. सरळ काय? रस्त्याचा कठडा. पट्टी लावून ओढल्यासारख्या तिरक्या रेषा डावीकडे झपाट्याने लांब जातात. आणि त्या टोकाला दोन माणसं, काठीसारखी ताठ.

तीच चित्राची किल्ली. मुंकने 1892 मध्ये टिपून ठेवलं होतं: दोन मित्रांबरोबर रस्त्याने चाललो होतो, सूर्य मावळला, आभाळ एकदम रक्तासारखं लाल झालं, मी कठड्याला टेकलो, मित्र पुढे निघून गेले, आणि निसर्गातून एक अथांग किंकाळी गेल्याचं मला जाणवलं. म्हणजे हा माणूस ओरडत असण्यापेक्षा ऐकतोय. हात गालांवर नाहीत, कानांवर आहेत. त्याचं अंग ज्या वळणाने वाकलंय तीच वळणं मागच्या खाडीत आणि आभाळात आहेत. किंकाळी त्याच्यातून आरपार गेली. मित्रांमधून गेली नाही, म्हणून ते सरळ. कठडाही जास्तच वेगाने मागे धावतो, चार पावलांवरचे मित्र कोसभर लांब वाटतात. ‘मी भेदरलो होतो आणि शेजारच्याला पत्ताच नव्हता’ हे वाक्य एकट्या वाकड्या चेहऱ्याने सांगता आलं नसतं.

इथे एक आक्षेप येतो: आभाळ खरोखरच लाल असेल तर? 1883 मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटल्यावर युरोपात महिनोन्महिने लालभडक सूर्यास्त दिसले, तेच मुंकच्या डोक्यात राहिले असावेत असं काहींचं म्हणणं आहे. असेलही. पण लाल आभाळ त्या संध्याकाळी दोन्ही मित्रांनी पाहिलंच असणार. राखेने आभाळाचा रंग समजतो, वाकलेला माणूस समजत नाही.

गुलाबी रस्ता आणि तुटलेला हात

किर्शनरने 1908 मध्ये ड्रेस्डेनचा एक गजबजलेला रस्ता दोन मीटर रुंद कॅनव्हासवर रंगवला आणि पुढे 1919 मध्ये त्यावर पुन्हा हात फिरवला. रस्ता झगझगीत गुलाबी. फरसबंदीसाठी गुलाबी का, तर फरशी डोळ्याला बसायला जागा देते, गुलाबी देत नाही. त्यात रस्ता समोर आडवा पसरत नाही, भिंतीसारखा वर चढतो. क्षितिज नाही, मागे ट्रामने वाट अडवलेली. पुढच्या बायका जवळजवळ आपल्या अंगावर येतात, चेहरे मुखवट्यांसारखे. मधोमध मोठ्या टोपीची एक छोटी मुलगी अवघडून उभी आहे. गर्दी भरपूर आणि कुणी कुणाकडे बघत नाही. दादरच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता उभं राहिलेल्याला हे वेगळं समजवायला नको.

1913 पासूनच्या त्याच्या बर्लिनच्या रस्त्यांत माणसं ताणून उभी केलेली आहेत, सुरीच्या पात्यासारखी. चेहऱ्यांना कोपरे, कपड्यांवर तिरक्या फटकाऱ्यांची दाटी. कुठेही गोलाई नाही, म्हणजे नजर घसरत जाईल अशी जागा नाही. ती प्रत्येक कोपऱ्याला ठेचकाळते. विरूपणाचा हा दुसरा उपयोग: नजरेचा वेग ठरवणं.

आणि 1915 चं ‘सैनिकाच्या वेशातलं आत्मचित्र’. गणवेश अंगात, तोंडात सिगारेट, डोळ्यांत बाहुल्या नाहीत, मागे नग्न मॉडेल. उजवा हात पुढे धरलेला, आणि मनगटापुढे काही नाही, रक्ताळलेलं थोटूक. किर्शनरचा हात कधीच तुटला नव्हता. महायुद्धात तो तोफखान्यात भरती झाला, मनाने कोसळला आणि सैन्यातून सोडवला गेला. ‘माझे हातच कापले गेले’ असं आपण सहज म्हणतो. त्याने ते काढून दाखवलं. चित्रातली बारीक क्रूरता अशी की कापलेला हात ब्रश धरायचा आहे, आणि ज्या हाताने हे थोटूक इतकं नेमकं रंगवलं तोही तोच.

हत्यारही चित्र वाकवतं

‘ब्र्युके’ची अर्धी ओळख लाकडी ठशांची आहे, आणि तिथला वाकडेपणा सगळाच मनातून आलेला नाही. लाकडाच्या तंतूंच्या दिशेने पटाशी सुरसुर चालते, आडवी गेली की अडते, कपचा उडतो. बारीक वळण मनासारखं कोरता येत नाही, म्हणून गाल कोनात वळतो. मधला राखाडी नसतो. शाई आहे किंवा नाही. या गटात काही काळ असलेल्या नोल्डे या चित्रकाराच्या 1912 च्या ‘प्रेषित’ या ठशातला चेहरा एवढा खंगलेला वाटण्यामागे लाकडाचा वाटा मोठा आहे. या लोकांनी लाकडाच्या हट्टाशी भांडण न करता त्याला कामाला लावलं आणि तीच कोनदार सवय पुढे तैलरंगात नेली. मुंकने तर ठशाचा ठोकळा करवतीने तुकडे करून, प्रत्येक तुकड्याला वेगळी शाई लावून, कोड्यासारखा परत जुळवून एकाच दाबात छापला. तुकड्यांमधली फट कागदावर पांढरी रेघ होऊन राहते, जणू माणूस आणि समुद्र यांच्यामध्ये कुणी सुरी फिरवली.

‘नीट काढता येत नव्हतं म्हणून असं काढलं’

शिले सोळाव्या वर्षी व्हिएन्नाच्या कला अकादमीत दाखल झाला. किर्शनरकडे वास्तुकलेची पदविका होती. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांबचं लहान दाखवायचा नियम, मोडण्याआधी तो ते बरोबर आखायला शिकला होता. या मंडळींनी हात मुद्दाम बिघडवायची तालीम केली. मॉडेलने दर पंधरा मिनिटांनी बसण्याची ढब बदलायची, तेवढ्यात चित्र पुरं करायचं. पंधरा मिनिटांत शिकवलेली सफाई आठवायला सवड नसते, जे पहिल्यांदा जाणवलं तेवढंच कागदावर येतं.

हे झटपट काम प्रत्येकाचं नव्हतं मात्र. मुंकने ‘आजारी मूल’ हे चित्र 1885-86 मध्ये वर्षभर रंगवलं, खरवडलं, परत रंगवलं. रंगाच्या थरात ओरखडे अजून दिसतात. 1886 मध्ये ते प्रदर्शनात लागलं तेव्हा लोक हसले.

‘मग वेडाच्या भरात काढत असतील’ ही त्याच आक्षेपाची दुसरी बाजू. ‘किंकाळी’च्या 1893 च्या प्रतीवर आभाळात पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलंय की हे एखाद्या वेड्यानेच रंगवलं असणार. कुणा रागावलेल्या प्रेक्षकाचं काम असावं असं बरीच वर्षं मानलं जाई. 2021 मध्ये अवरक्त किरणांनी छायाचित्रं घेऊन, मुंकच्या पत्रांशी ताडून नॉर्वेच्या राष्ट्रीय संग्रहालयाने सांगितलं, अक्षर मुंकचंच आहे. लोकांचं बोलणं टोचलेला, ते स्वतःच्या चित्रावर उपरोधाने उतरवून घेणारा माणूस तेवढ्यापुरता तरी पुरता शुद्धीवर होता.

आणि आताचा आक्षेप: मोबाइलमध्ये एक बटण दाबलं की कुठलाही फोटो ‘एक्स्प्रेशनिस्ट’ होतो, मग यात काय राहिलं? बटण सगळ्या फोटोवर सारखा हात फिरवतं. कठडाही वाकतो, मित्रही वाकतात. कोण वाकायचं आणि कोण नाही हे ठरवायला त्या संध्याकाळी काय झालं ते माहीत असावं लागतं.

करून बघायचं असेल तर

वाचून जेवढं कळतं त्याच्या दुप्पट हात मळवून कळतं. 200 जीएसएमच्या आसपासचा जाडसर ए-फोर कागद, पोस्टर कलर, एक चपटा आठ नंबरचा ब्रश आणि एक गोल दोन नंबरचा, एवढं पुरे.

प्रसंग साधा घ्या: दवाखान्याबाहेरचा व्हरांडा, बाकड्यावर वाट बघणारा एकजण, भिंतीवर घड्याळ. आधी तो पेन्सिलीने जमेल तेवढा बरोबर काढा. मग भावना एका बोलीतल्या वाक्यात लिहा. ‘भीती’ असा मोघम शब्द नको. ‘वेळ जाता जात नाही’ हे चालेल. आता त्या वाक्यातली एकच गोष्ट वाकवा. व्हरांडा लांबवा, दार टोकाला नखाएवढं करा. घड्याळ मात्र गोल, नीट, आकड्यांसकट ठेवा. सहा बाय आठ सेंटिमीटरचे तीन छोटे कच्चे आराखडे केले तर पहिला हमखास टाकाऊ निघतो, तिसरा कामाचा.

रंग एक विरोधी जोडी. एकाला कागदाचा मोठा भाग, समजा पाऊण. दुसऱ्याला एखादा ठिपका, दाराचा किंवा घड्याळाचा. उरलेल्या जागेसाठी करडा त्याच दोघांना कालवून बनवा. बाटलीतला तयार करडा परक्यासारखा दिसतो.

आता चुका. लाल ओला असताना शेजारी हिरवा टेकवला की कडेला चिखल होतो. वाळला तरी पोस्टर कलर पाणी लागताच परत सुटतो, म्हणून दोन रंगांमध्ये एक-दीड मिलिमीटर कोरा कागद सोडा. ती पांढरी रेघ दोघांनाही उठाव देते. रंग उजळ करायला दरवेळी पांढरा घातला की चित्र खडूसारखं पिठूळ होतं. गडद करायला काळा घातला की रंग मरतो. थोडा विरोधी रंग घालून बघा. सगळे रंग बाटलीतून थेट लावले तर सगळेच ओरडतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही. अश्रू आणि तुटलेलं हृदय काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो टाळा, ती चित्रलिपी झाली.

आणि माणसाचं नाक मोठं केलंत तर व्यंगचित्र होईल. त्यात वाईट काही नाही, पण काम वेगळं. व्यंगचित्रकार त्या माणसाचं जे आहे ते वाढवतो. इथे वाढवायचं ते बाकड्यावर बसलेल्याला त्या घटकेला जे मोठं वाटलं ते.

दिसतो तो रंग लावलेलाच आहे का?

प्रत्येक वेळी नाही. व्हॅन गॉगने आर्लमधल्या आपल्या खोलीचं चित्र काढलं, त्यात भिंती फिकट जांभळ्या रंगवल्या होत्या. आज त्या निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला लाल रंग उजेडाने उडाला. जांभळ्या भिंतींसमोर पिवळा पलंग ही विरोधी जोडी होती, ती मोडली. 1910 च्या सुमाराची ‘किंकाळी’ 2004 मध्ये चोरीला गेली आणि 2006 मध्ये मिळाली. तिच्यातला कॅडमियम पिवळा काही जागी पांढुरका पडलाय, काही जागी सुटतोय. 2020 च्या अभ्यासात कारण सापडलं ते ओलावा. रंग तयार करताना त्यात क्लोराइड राहून गेलं होतं, आणि दमट हवेत असा पिवळा बिघडतो. उजेडाचा दोष त्यामानाने कमी. म्हणून खोलीची आर्द्रता 45 टक्क्यांच्या आसपास ठेवावी असं सुचवलं गेलं. मुंबईत पावसाळ्यात चित्रं सांभाळणाऱ्यांना यावर वेगळं भाष्य नको.

मुंबईपर्यंत

19 जुलै 1937 ला नाझींनी म्युनिकला ‘अवनत कला’ नावाचं प्रदर्शन भरवलं, सुमारे 650 कलाकृती, हेटाळणीच्या मजकुरासह मुद्दाम दाटीवाटीने टांगलेल्या. वीस लाखांहून जास्त लोक बघून गेले. नोल्डे स्वतः नाझी विचारांचा, तरी संग्रहालयांमधून सर्वांत जास्त, 1,052 कामं त्याचीच काढली गेली. किर्शनरची सहाशेहून अधिक. पुढच्या वर्षी जूनमध्ये स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला किर्शनरने स्वतःला संपवलं.

त्या काळात जर्मनी-ऑस्ट्रियातून निघून मुंबईत आलेल्या तिघांना इथल्या तरुण चित्रकारांच्या गोष्टीत जागा आहे: चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन, संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. 1947 मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला तेव्हा या तिघांच्या घरी युरोपातल्या आधुनिक चित्रांची छापील चित्रं चाळायला मिळत, चित्रं विकली जात, चार कानपिचक्याही मिळत. गटातल्या गोव्याच्या साळगावच्या सूझाने काढलेली डोकी बघा: डोळे कपाळात चढलेले, जाड काळ्या रेषेची चौकट, जाळीदार फटकारे. त्याला हे सगळं म्युनिकहून आयात करावं लागलं नाही. गोव्याच्या चर्चमधला रक्ताळलेला, खिळे ठोकलेला ख्रिस्त त्याने लहानपणापासून पाहिला होता.

अर्धं विझलेलं चित्र

रंग नेमकं किती काम करतो हे तपासायचं तर एकच चित्र दोनदा हवं: एकदा रंगासकट, एकदा रंगाशिवाय. असं चित्र योगायोगाने आहे, स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या संग्रहालयात. फ्रान्झ मार्कचं 1913 चं ‘प्राण्यांचं प्राक्तन’. जंगल कोसळतंय, झाडं तिरकी भाल्यांसारखी येताहेत, मध्ये मान वर करून एक निळं हरीण. कॅनव्हासच्या मागे मार्कने लिहून ठेवलं होतं: आणि सारं अस्तित्व म्हणजे धगधगतं दुःख. 1915 मध्ये तो युद्धाच्या आघाडीवर असताना कुणी तरी या चित्राचं पोस्टकार्ड त्याला पाठवलं, तेव्हा त्याने बायकोला कळवलं की ही तर या युद्धाचीच पूर्वसूचना वाटते. 4 मार्च 1916 ला व्हर्दनजवळ तो मारला गेला. त्याच वर्षी गोदामाला आग लागून चित्राचा उजवा तिसरा हिस्सा जळाला.

तो भाग नंतर त्याचा मित्र पॉल क्ले याने पुन्हा रंगवला. जुन्या छायाचित्रांवरून रेषा त्याने जागच्या जागी आणल्या, पण रंग मार्कसारखे लावले नाहीत; तपकिरी, मंद, धुरकट ठेवले. आज चित्रासमोर उभं राहिलं की डावीकडे प्राणी लाल-हिरव्या-निळ्यात किंचाळताहेत आणि उजवीकडे त्याच तिरक्या रेषा, तेच झाडांचे भाले, राखेखाली गेल्यासारखे गप्प आहेत. हाताने एक बाजू झाका, मग दुसरी.